भरती-ओहोटीच्या हिशेबाने: मुंबई महापालिकेच्या मलनिस्सारण खात्याची वाटचाल

मुंबई महानगरपालिकेची पहिली सभा ४ सप्टेंबर १८७३ रोजी भरली. शतकोत्तर सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत मलनिस्सारण खात्याचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात मात्र त्या सभेच्या आधीपासून करावी लागते. सभागृह, महापौर, वॉर्ड हे सगळे नंतर आले. घाण आधीच होती.

### १८६० ते १८८० : पाणी आले, वाट नव्हती

बेटे जोडून झालेल्या या शहराचा मधला भाग खोलगट. महालक्ष्मी, भायखळा, कामाठीपुरा या बाजूची बरीच जमीन भर घालण्यापूर्वी मोठ्या भरतीच्या पाण्याहून खाली होती. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला गेला आणि समुद्र बाहेर राहिला. पण पावसाचे आणि घरांचे पाणी आत अडकले. ओहोटीला थोडे वाहायचे, भरतीला तुंबायचे. मलनिस्सारण खात्याची पुढची सगळी अभियांत्रिकी या एका अडचणीतून निघाली आहे.

१८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले. विहिरींवर जगणाऱ्या गावाला ते वरदानच होते. मात्र वापरून झालेल्या पाण्याने जायचे कुठे, याची सोय कुणी केलेली नव्हती. मैला डोक्यावरच्या टोपल्यांतून वाहिला जाई आणि सांडपाणी उघड्या गटारांतून समुद्राच्या दिशेने सरकत राही. 'मेन ड्रेन' म्हणून ओळखला जाणारा नाला तर शहराच्या मध्यातूनच जात होता. मैला वाहण्याचे काम करणारे हलालखोर बहुतांशी गुजरात-काठियावाडातून आलेले होते. त्यांच्या नावाचा करही नगरपालिका वसूल करत असे. खात्याचे पहिले कर्मचारी कोण, असे कुणी विचारले तर उत्तर हेच आहे. त्यांची नावे कोणत्याही संगमरवरी पाटीवर नाहीत.

आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त आणि डॉ. ह्यूलेट हे आरोग्याधिकारी असतानाच्या काळात बंदिस्त गटारांची चर्चा जोर धरू लागली. अभियंता हेक्टर टलक यांनी सविस्तर आराखडे मांडले. वादाचा मुद्दा आजही ओळखीचा वाटावा असाच होता. मलजल पूर्वेला बंदरात सोडायचे, की पश्चिमेला खुल्या समुद्रात? पूर्वेचे बंदर अर्धबंदिस्त, आणि तिथे गलबतांची, गोदींची गर्दी. पश्चिमेला पाणी मोकळे, पण वाराही तिकडूनच शहराकडे येणारा. बऱ्याच अहवालांनंतर आणि समित्यांनंतर कौल पश्चिमेला मिळाला. तेव्हा विचार होता तो माणसाच्या नाकाचा आणि बंदराच्या गाळाचा. समुद्रातल्या जिवांचा उल्लेख त्या चर्चेत जवळजवळ नाही. त्यासाठी त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण लंडनही त्याच सुमारास आपली घाण थेम्सच्या मुखाकडे ढकलत होते.

### १८८० ते १९०० : लव्हग्रोव्ह

वरळीचे लव्हग्रोव्ह उदंचन केंद्र १८८० च्या दशकात उभे राहिले आणि शहराच्या मलनिस्सारणाला केंद्रबिंदू मिळाला. भूमिगत गटारे उताराने वाहत सखल भागातून वरळीपर्यंत येत. तिथे वाफेच्या इंजिनांनी मलजल उचलून किनाऱ्यापाशी समुद्रात सोडले जाई. पावसाचे पाणी आणि मलजल यांच्या वाहिन्या वेगळ्या ठेवायच्या, हा निर्णयही याच सुरुवातीच्या काळातला. मुंबईसारख्या चार महिन्यांत वर्षभराचा पाऊस पाडणाऱ्या ठिकाणी तो फार शहाणपणाचा होता. तो कागदावर आजही कायम आहे. प्रत्यक्षात नाल्यांचे काय झाले, ते पुढे येईलच.

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली. तिच्यामुळे १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, नवे रस्ते आणि वस्त्या आखल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर गटारांचे जाळेही पसरले. प्लेगाचा प्रसार उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो हे त्या वेळी माहीत नव्हते. रोग दुर्गंधीतून येतो, या चुकीच्या समजुतीपायी शहराला बरीचशी बरोबर गटारे मिळाली.

याच काळातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात (आजचे ॲकवर्थ रुग्णालय) १८९७ च्या सुमारास मलजलासाठी बंद टाकी बांधली गेली. तिच्यातला वायू गोळा करून १९०७ च्या सुमारास त्यावर इंजिनही चालवले गेले. मैल्यापासून मिळणाऱ्या वायूचा असा उपयोग करण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत त्याची नोंद होते. त्यामागे पालिकेचे ड्रेनेज अभियंता सी. कारकीट जेम्स होते. पौर्वात्य शहरांच्या गटारांवरचा त्यांचा ग्रंथ नंतर बराच काळ अभियंत्यांच्या हाताशी असे. प्रक्रिया करून मलजल उपयोगात आणता येते, हे मुंबईला सव्वाशे वर्षांपूर्वी माहीत होते. ते मोठ्या प्रमाणावर करण्याची निकड मात्र कुणालाच वाटली नाही, कारण शेजारी समुद्र होता.

### १९०० ते १९५० : पाण्याच्या मागे एक पाऊल

या पन्नास वर्षांवर फार थांबण्याचे कारण नाही. १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी आले होते, त्याची वाहिनी पुढे वाढवली गेली आणि शहरही वाढले. वाफेची इंजिने गेली, विजेचे पंप आले. जुन्या विटांच्या गटारांची डागडुजी होत राहिली, आणि त्यातली काही आजही मलजल वाहतात. आज एखाद्या नव्या वाहिनीबद्दल असे विधान करायला कुणी अभियंता धजावेल असे वाटत नाही.

धोरणाच्या पातळीवर या काळातले मोठे नाव नानासाहेब मोडक यांचे. वैतरणेच्या धरणाला त्यांचे नाव आहे, म्हणून लोक त्यांना पाण्याशी जोडतात. पण १९४८ साली अल्बर्ट मायर यांच्याबरोबर त्यांनी बृहन्मुंबईचा जो आराखडा केला, त्यात शहराचा विस्तार उपनगरांकडे होणार हे स्पष्ट दिसत होते. उपनगरे म्हणजे विहिरी, सेप्टिक टाक्या आणि खाड्या.

### १९५० आणि १९६० ची दशके : खाड्या शहरात आल्या

१९५० साली आणि पुन्हा १९५७ साली पालिकेची हद्द वाढली, आणि उत्तरेला दहिसर, पूर्वेला मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. त्याबरोबर माहीम, मालाड आणि ठाण्याच्या खाड्यांचे किनारे खात्याच्या जबाबदारीत आले. १९५७ मध्येच मोडक सागराचे पाणी सुरू झाले.

शहराच्या पाणीपुरवठ्याचा आणि मलनिस्सारणाचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसाचे टप्पे, मध्य वैतरणा यांतले प्रत्येक उद्घाटन म्हणजे काही वर्षांनी येणारे तेवढेच सांडपाणी. धरणाच्या उद्घाटनाला मंत्री येतात आणि फीत कापली जाते. त्या पाण्यातला सुमारे ऐंशी टक्के भाग ज्या वाहिन्यांतून परत जायचा, त्यांची निविदा मात्र पुढच्या पंचवार्षिक योजनेत. खात्यातल्या सगळ्या पिढ्यांनी ही तूट अंगावर घेतली आहे.

उपनगरांत या तुटीचा भार खाड्यांवर पडला. खाडी आणि खुला समुद्र यांत फरक आहे, आणि पुढच्या नियोजनाचा तो पायाच ठरला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. मुंबईत उधाणाच्या वेळी पाणी सुमारे पाच मीटर चढते-उतरते. उघड्या किनाऱ्यावर एवढ्या पाण्यात मिसळलेले मलजल दर सहा तासांनी दिशा बदलणाऱ्या प्रवाहाबरोबर दूर जाते. खाडीच्या मुखाशीही ते बऱ्यापैकी धुतले जाते. खाडीच्या आतल्या टोकाला मात्र तेच पाणी भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर, असे हेलपाटे घालत राहते. पूर्ण ओहोटीला तिथे खारे पाणी उरतच नाही, उरते ते बहुतांशी सांडपाणी. त्यातली सेंद्रिय घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू ओढून घेतात. म्हणून खाडीच्या आतल्या भागात प्राणवायूची पातळी सर्वांत खाली जाते ती ओहोटीच्या वेळी, आणि त्यातही रात्री.

आणि खाड्या म्हणजे कोळंबीच्या, बोयांच्या, चिंबोऱ्यांच्या पिल्लांचे घर. कांदळवनाच्या मुळांशी ती वाढतात आणि मोठी होऊन बाहेर जातात. हवेतूनही श्वास घेऊ शकणारे निवटे अशा पाण्यात तग धरतात, बाकीच्यांना ते जमत नाही. कोळीवाड्यांतल्या बायका ज्या तिसऱ्या आणि कालवे वेचून बाजारात नेत, त्यांची जागा आधी आक्रसली आणि मग जी मिळाली ती खायची की नाही, असा प्रश्न आला. शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले जंतू त्यांच्या पोटात साठतात. हे सगळे प्रयोगशाळांच्या अहवालांत यायच्या आधी माहीम, वेसावे आणि वरळीच्या कोळ्यांना ठाऊक होते. खात्याच्या दफ्तरात मात्र ही माहिती फार उशिरा पोहोचली.

### १९७० चे दशक : पहिला मोठा आराखडा

महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. म्हणजे या विषयात महाराष्ट्र देशाच्या काही वर्षे पुढे होता. १९७३ पासून जागतिक बँकेच्या साह्याने मुंबईचे पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण प्रकल्प सुरू झाले. पाणी आणि मलनिस्सारण यांचा हिशेब पालिकेच्या इतर जमाखर्चापासून वेगळा ठेवण्याची आजची पद्धतही याच काळात रुजली. कोरडी वाटणारी ही गोष्ट खात्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. स्वतःचा अर्थसंकल्प असल्याशिवाय वीस वर्षांचे नियोजन होत नाही.

१९७९ चा मलनिस्सारण बृहत् आराखडा हा या इतिहासातला खरा टप्पा. २००५ सालची लोकसंख्या डोळ्यांपुढे ठेवून त्याने शहराचे सात विभाग पाडले: कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर. मलजल कुठे आणि कसे सोडायचे, याचा निर्णय प्रत्येक विभागासाठी स्वतंत्रपणे झाला. जिथे खुला समुद्र जवळ आहे, तिथे घन पदार्थ आणि वाळू काढून मलजल लांब आणि खोल पाण्यात न्यायचे. जिथे ते खाडीत जाणार, तिथे आधी त्यातली सेंद्रिय घाण जमिनीवरच कमी करायची. खाडी जेवढे पचवू शकत नाही तेवढे तिच्यात टाकायचे नाही, हे तत्त्व खात्याच्या कागदावर पहिल्यांदा इथे उतरले.

प्रस्तुत लेखकाच्या मते आराखड्याचे मोल इथे आहे. संपूर्ण शहराचे मलजल पूर्ण शुद्ध करावे, एवढा पैसा त्या वेळी नव्हता, जागा नव्हती आणि वीजही नव्हती. उपलब्ध साधनांत कुठे काय केले म्हणजे पाण्यातल्या जिवांचे सर्वांत कमी नुकसान होईल, हा प्रश्न त्याने विचारला. त्याआधीची शंभर वर्षे प्रश्न एवढाच होता, की घाण शहराबाहेर गेली का.

### १९८० चे दशक : तयारी

कुलाब्याच्या छोट्या विभागासाठी बंदराच्या बाजूला किलोमीटरभर लांबीचा सागरी पातमुख, म्हणजे मलजल किनाऱ्यापासून दूर नेऊन समुद्रात सोडणारी वाहिनी, झाला. आकाराने लहान असला तरी पुढच्या मोठ्या कामांची ती तालीम होती. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखालच्या नियमांनी समुद्रात सोडायच्या सांडपाण्याचे निकष ठरवले: जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे खात्याच्या भाषेत बीओडी, लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत. किनाऱ्यालगतच्या, माणसे आंघोळीला उतरतात अशा समुद्राच्या पाण्यासाठी निकष वेगळा आणि कडक होता: बीओडी ३ मिलिग्रॅम आणि विरघळलेला प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम.

या दोन आकड्यांमधले अंतर कसे भरून काढायचे, हाच पातमुखाच्या रचनेचा विषय. मलजल गोडे असते, म्हणून समुद्राच्या पाण्याहून हलके. ते तळाशी सोडले की वर उसळते, आणि उसळताना आजूबाजूचे खारे पाणी आपल्यात ओढून घेते. बोगद्याच्या टोकाशी एकच मोठे तोंड ठेवले तर मिसळणे कमी होते. म्हणून शेवटच्या भागात अनेक उभ्या नळ्या समुद्रतळातून वर काढून त्यांना छोटी तोंडे द्यायची, बागेच्या झारीसारखी. लिटरला २०० मिलिग्रॅम बीओडी असलेले मलजल शंभरपट पातळ झाले की हिशेबाने २ मिलिग्रॅम उरते. आतड्यातले जंतू खारेपणाने आणि उन्हाने काही तासांत मोठ्या प्रमाणात मरतात. म्हणून पातमुख किनाऱ्यापासून एवढा लांब हवा, की वारा कितीही आत लोटत असला तरी तेवढे तास मध्ये गेलेच पाहिजेत.

या गणितासाठी प्रवाह मोजावे लागले. उधाणाचे आणि भांगाचे, पावसाळ्यातले आणि हिवाळ्यातले सगळे वेगळे. नागपूरची नीरी, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था यांच्या अभ्यासाचे पाठबळ खात्याला या आणि पुढच्या दशकात मिळाले. संस्थांमध्ये अधूनमधून मतभेदही झाले. ते अभ्यासकांमध्ये असायचेच.

### १९९० चे दशक : समुद्राखालचे बोगदे

१९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. १९९५ साली जागतिक बँकेने मुंबई मलनिस्सारण प्रकल्पासाठी सुमारे १९ कोटी डॉलरचे साह्य मंजूर केले. वरळी आणि वांद्रे इथले सागरी पातमुख हे त्यातले सर्वांत मोठे काम. समुद्रतळाखालच्या खडकातून साडेतीन मीटर व्यासाचे बोगदे, लांबी प्रत्येकी तीन किलोमीटरहून अधिक.

बोगदा खणणे एक काम, आणि त्याच्या टोकाशी समुद्रातून उभ्या नळ्या उतरवून बोगद्याला जोडणे हे दुसरे. दुसऱ्यासाठी समुद्रात तरंगते किंवा पायांवर उभे राहणारे फलाट लागतात. मुंबईच्या समुद्रात असे काम करायला दिवाळीपासून वळवाच्या पावसापर्यंतचाच काळ मिळतो. एक जोडणी राहून गेली की ती पुढच्या हंगामावर ढकलली जाते. म्हणून पातमुखांच्या कामाचे वेळापत्रक लांबले, यात काही नवल नाही. निविदा, मंजुऱ्या आणि कंत्राटांच्या अर्थांवरूनही काही काळ गेला. आज त्या फाइली पुन्हा उघडण्याचे कारण नाही. दशकाच्या शेवटी वरळीचा पातमुख चालू झाला आणि नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत वांद्र्याचा. शंभरहून अधिक वर्षे किनाऱ्यालगत सुटणारे मलजल पहिल्यांदा खोल पाण्यात गेले.

खाडीकडच्या बाजूला वर्सोवा, भांडुप आणि घाटकोपर इथे एरेटेड लगून बांधले गेले. मोठ्या उथळ तळ्यांत यंत्रांनी हवा घुसळून जिवाणूंकडून घाण पचवायची, ही साधी पद्धत. तिला जागा भरपूर लागते आणि वास पूर्णपणे थांबत नाही. शेजारच्या रहिवाशांची तक्रार म्हणूनच खरी होती.

याच प्रकल्पातला आणखी एक भाग अभियंत्यांच्या चर्चेत मागे पडतो. झोपडपट्ट्यांमध्ये रहिवाशांच्या संस्थांनी चालवायची सामुदायिक शौचालये बांधण्याचा कार्यक्रम त्यात होता, आणि त्यातून तीनशेहून अधिक शौचालये उभी राहिली. समुद्रातल्या जिवांशी त्याचा संबंध थेट आहे. जे मलजल वाहिनीत येतच नाही ते पर्जन्यजल नाल्यात जाते, नाला खाडीत जातो, आणि मग तीन किलोमीटरच्या बोगद्याचा खाडीला काहीच उपयोग होत नाही.

### २००० चे दशक : मिठी नदी आणि दुसरा टप्पा

२००२ मध्ये २०२५ सालासाठीचा दुसरा बृहत् आराखडा तयार झाला. २६ जुलै २००५ च्या महापुरात चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस सांताक्रूझला नोंदला गेला, आणि मिठी ही नदी आहे हे बऱ्याच मुंबईकरांना तेव्हा कळले. त्यानंतर सगळे लक्ष आणि बराचसा निधी पर्जन्यजल वाहिन्यांकडे गेला. ते योग्यच होते. मलनिस्सारणाची कामे या काळात संथ चालली.

वांद्र्याचा पातमुख चालू होऊनही माहीमची खाडी काळीच राहिली, यावर वर्तमानपत्रांनी टीका केली. कारण उघड होते. पातमुखात जाते ते वाहिनीतले मलजल. या खाडीला मिळणाऱ्या मिठीतून कोरड्या दिवसांतही वाहत असते ते नाल्यांत शिरलेले, वाहिनीत कधी न आलेले सांडपाणी. वाहिन्या वेगवेगळ्या ठेवण्याचा एकोणिसाव्या शतकातला शहाणा निर्णय इथे फसला होता. मुंबई मलनिस्सारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात मालाडच्या मलजलासाठी एरंगळजवळ नव्या पातमुखाचा विचार झाला, पण तो प्रत्यक्षात आला नाही. मालाडची खाडी त्याची किंमत अजून मोजते आहे.

ठाणे खाडीत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रोहित पक्षी हजारोंनी उतरू लागले, आणि शिवडीच्या चिखलात त्यांना पाहायला गर्दी होऊ लागली. मलजलातल्या पोषक द्रव्यांमुळे वाढलेले शेवाळ त्यांना खाद्य पुरवते, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे २०१५ मध्ये खाडीचा तो भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. खात्यातले जुने लोक हे श्रेय गमतीने आपल्याकडे घेतात. ते घेऊ नये, हेच बरे. एका पक्ष्याला मानवलेले पाणी कालवांना आणि कोळंबीला मानवले नाही.

### २०१० चे दशक : वाहिनीत उतरणारी माणसे, वर येणारे निकष

२०१३ च्या कायद्याने माणसाने हाताने मैला साफ करण्यावर आणि संरक्षणाशिवाय मॅनहोलमध्ये उतरण्यावर बंदी आली. मुंबईत जेटिंग आणि सक्शनच्या गाड्या त्याआधीपासूनच वाढत होत्या. आता वाहिन्यांत कॅमेरे सोडून तपासणी होऊ लागली. वाहिनीतल्या हायड्रोजन सल्फाइडने एका श्वासात माणूस बेशुद्ध होतो. या खात्याच्या इतिहासात आणि त्याच्या कंत्राटदारांच्या कामांवर गेलेल्या जिवांची नोंद समारंभाच्या लेखात करू नये, असा संकेत असतो. तो इथे मोडलेला बरा.

२०१७ मध्ये केंद्राने मलजल प्रक्रिया केंद्रांसाठी नवे निकष अधिसूचित केले. महानगरांसाठी बीओडी २० मिलिग्रॅमच्या आत आला आणि पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडून आणखी कडक मर्यादांचा आग्रह धरला गेला. चाळण्या आणि लांब पातमुख एवढ्यावर भागण्याचा काळ त्यामुळे संपला. आराखडे पुन्हा करावे लागले, निविदांना पुन्हा वेळ लागला. जुन्या निकषांवर आखलेले केंद्र नव्या निकषांवर बांधता येत नाही, हे बाहेरून पाहणाऱ्याला पटत नाही. पण ते खरे आहे.

### २०२० नंतर : सात केंद्रे

कुलाब्याचे रोज ३७ दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे प्रक्रिया केंद्र सर्वांत आधी पूर्ण झाले. १९ जानेवारी २०२३ रोजी उरलेल्या सात केंद्रांचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५ आणि वर्सोवा १८० दशलक्ष लिटर, म्हणजे एकूण २,४६४ दशलक्ष लिटर रोज. खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये. शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. त्याच्या शेजारी हा आकडा ठेवला की काम किती मोठे आहे आणि त्यानंतरही किती उरणार आहे, दोन्ही दिसते. शुद्ध केलेल्या पाण्यातला काही भाग पिण्याव्यतिरिक्तच्या कामांसाठी पुन्हा वापरायचा विचार आहे. तसे झाले तर विहारच्या पाण्यापासून चालत आलेली तूट पहिल्यांदा थोडी कमी होईल.

वरळी आणि वांद्र्याचे पातमुख रद्द होणार नाहीत. त्यांतून जाणारे पाणी मात्र बदलेल. आजवर त्यांच्यावर घेतलेला मोठा आक्षेप असा, की पातळ केल्याने घाणीतला प्राणवायूचा भार विखुरतो, पण नत्र, स्फुरद, प्लॅस्टिकचे कण आणि छोट्या कारखान्यांतून वाहिनीत आलेले जड धातू कुठेच जात नाहीत, ते तळाच्या गाळात साठतात. समुद्रजीवशास्त्रज्ञांचा हा आक्षेप बरोबर आहे. नवी केंद्रे त्यातला पहिला भाग बऱ्यापैकी सोडवतील. धातूंचा प्रश्न मात्र कारखान्याच्या दारातच सुटला पाहिजे, कारण जिवाणू ते पचवत नाहीत.

दीडशे वर्षांत टोपलीपासून बोगद्यापर्यंत हे काम ज्यांनी चालवले, ते हलालखोर, गवंडी, पंपचालक, फिटर, मुकादम, रसायनशास्त्रज्ञ, कनिष्ठ अभियंते आणि मुख्य अभियंते यांच्यात डावे-उजवे करण्याचा या लेखाचा हेतू नाही. पंप बंद पडला की पावसात रात्री दोन वाजता लव्हग्रोव्हला धावणाऱ्यांत यातले सगळेच असत.

एक विनंती मात्र खात्याकडे करावीशी वाटते. रोज किती मलजल उचलले आणि किती सोडले, याची नोंद खात्याकडे वर्षानुवर्षांची आहे. समुद्रात आणि खाड्यांत त्याचे काय होते, याची मोजणी वेगवेगळ्या संस्थांच्या अहवालांत विखुरलेली राहते आणि कोळीवाड्यापर्यंत क्वचितच पोहोचते. सात केंद्रे चालू होतील तेव्हा पातमुखांच्या तोंडाशी आणि चारही बाजूंच्या खाड्यांमध्ये ओहोटीला मोजलेला प्राणवायू, गाळातले धातू आणि तळावरच्या जिवांची गणना खात्याने दर वर्षी मराठीत प्रसिद्ध करावी, आणि ती आधी वरळी, माहीम, वेसावे आणि मढच्या मच्छीमार सोसायट्यांच्या हाती द्यावी.

खात्याच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या घरी जुने नकाशे, पंपांची छायाचित्रे किंवा बोगद्याच्या कामाच्या नोंदी असल्यास त्यांनी त्या पालिकेच्या दफ्तरखान्याकडे सुपूर्द कराव्यात, ही नम्र विनंती.